हजार मिलिमीटरचा कठडा

दिवाळी उलटून आठवडा झाला असेल. वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या शेडवर एक गृहस्थ फायबरच्या बोटीचं ड्रॉइंग घेऊन आले. वर-खाली दोन डेक, चाळीस प्रवासी, राज्याबाहेरच्या एका जलाशयावर फिरवायची. "बेन, स्टीलचं रेलिंग पाहिजे, एकदम चकचकीत. खाली तुम्हाला योग्य वाटेल तसं करा, पण वरच्या डेकवर साडेसातशे मिलिमीटरच ठेवा. खुर्चीत बसून पाणी दिसलं पाहिजे आणि फोटोत पाइप यायला नको."

वडिलांनी ही शेड सुरू केली, ते गेल्यावर सव्वीस वर्षं मी चालवते. आजवर बाल्कन्या केल्या, जिने केले, शाळांच्या गच्च्या केल्या, दवाखान्यांचे रॅम्प केले. रावपुऱ्यात आणि दांडिया बाजारात असे वाडे आहेत जिथे गॅलरीचा लाकडी कठडा कुजला म्हणून वडिलांनी लोखंडी बसवला आणि तो पुढे गंजला म्हणून मी स्टीलचा. पण बोटीचं काम नवीनच. तरीही साडेसातशे हा आकडा ऐकला आणि मी ड्रॉइंगची घडी घालून बाजूला ठेवली.

आमचं कटिंगचं टेबल ७६० मिलिमीटर उंच आहे. त्यांना म्हटलं, इथे उभे राहा आणि खाली पडलेली ती पट्टी वाकून बघा. ते वाकले आणि त्यांचे दोन्ही हात आपोआप टेबलावर टेकले. म्हटलं, आता समजा या टेबलापलीकडे पाणी आहे, डेक ओला आहे, आणि मागून कुणाचातरी धक्का लागला.

उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य बेंबीच्या जवळपास असतो. पाच फूट आठ इंच उंचीच्या माणसाचा जमिनीपासून साधारण ९५ ते ९८ सेंटिमीटरवर. कठडा त्याच्या वर असला तर तो माणसाला अडवतो. कठडा त्याच्या खाली असला तर तो टेकू होतो, आणि त्या टेकूवरून माणूस आरपार उलटतो. जहाजांच्या नियमांत कठड्याची उंची किमान एक मीटर लिहिलेली आहे, तिचा अर्थ मला तरी असाच लागतो. जहाजात किती भार भरावा हे ठरवणाऱ्या १९६६ च्या आंतरराष्ट्रीय लोड लाइन करारात उघड्या डेकवरच्या कठड्यासाठी हाच आकडा आहे. अमेरिकेत लहान प्रवासी बोटींचे नियम वेगळे आहेत, पण फेरीबोट आणि सहलीच्या बोटीला तिथेही १००० मिलिमीटरच. मोठे मासे गळाने पकडणाऱ्या बोटींना तिथे ७६० पर्यंत सूट मिळते, पण ती मासेमारी चालू असेपर्यंतच. म्हणजे पार्टी मला मागत होती ती मासेमारांची उंची, आणि बसवायची होती ती आजी-नातवंडांच्या बोटीवर.

हे सगळं मला आधीपासून माहीत होतं अशातला भाग नाही. २०१६ साली एका गोष्टीने माझी झोप उडवली, तेव्हापासून मी हे वाचत आले.

आईचं माहेर अलिबागकडचं. कुळाचार म्हणून वर्षा-दोन वर्षांनी आम्ही बडोद्याहून रात्रीच्या गाडीने मुंबईला उतरतो आणि पुढे लाँचने खाडीपलीकडे जातो. त्या वर्षी बरोबर भाचा, सून आणि त्यांची तीन वर्षांची मुलगी होती. कोणती लाँच, कोणाची, ते सांगत नाही. सकाळचं ऊन, मागे सीगल पक्ष्यांचा थवा, लोक वेफर्सचे तुकडे हवेत फेकत होते. कठड्याला तीन आडवे पाइप होते. मुलगी पुढे उभी, आई मागे. पक्षी खाली पाण्यावर बसले तसं ते बघायला पोर उकिडवी बसली, मग पोटावर पडली, आणि मला दिसलं तोवर तिचे पाय सर्वांत खालच्या पाइपखालून बाहेर गेले होते. दोन्ही पाय आणि कंबर. मी तिचा फ्रॉक धरला. कशी ओढली ते आठवत नाही, पाइपाची कड लागून तिच्या बरगडीवर लाल वळ उठला होता तो आठवतो.

माझ्या पर्समध्ये टेप कायम असते. पोर आईच्या मांडीवर शांत झाली तेव्हा मी परत गेले आणि मोजलं. डेकपासून खालच्या पाइपापर्यंत २९० मिलिमीटर. वरचा पाइप ८२० वर. लाँचच्या तांडेलाला बोलावून दाखवलं. तो वाईट माणूस नव्हता. म्हणाला, "ताई, इतकी वर्षं चालवतोय, अजून कोणी पडलं नाही." मी त्याला सांगितलं की आज एक मुलगी पडत होती, आणि तुम्ही तेव्हा पुढच्या टोकाला होतात. तो गप्प झाला. मीही पुढे काही बोलले नाही. उतरताना त्याने पोरीला उचलून धक्क्यावर ठेवलं.

घरी आल्यावर नियम शोधायला बसले. लोड लाइन करार म्हणतो, सर्वांत खालच्या दांड्याखालची फट २३० मिलिमीटरहून जास्त नसावी आणि बाकीच्या दांड्यांमधलं अंतर ३८० हून जास्त नसावं. मी घरातल्या दोन स्टुलांमध्ये २३० चं अंतर ठेवून बघितलं. तीन वर्षांचं मूल त्यातून सहज जातं, डोक्यासकट जातं. म्हणजे ती लाँच नियमात बसली असती तरी आमची पोर पाण्यात गेलीच असती. त्या रात्री मला या गोष्टीचा राग आला. पुढे विचार केला तेव्हा कळलं, तो आकडा मोठ्या जहाजांच्या उघड्या डेकसाठी आहे, जिथे बूट घातलेला खलाशी दोर ओढत असतो. लाट आली की तो घसरून बाहेर जाऊ नये, एवढी त्यामागची गरज. डेकवर मूल आलं की गरजच बदलते.

अमेरिकी नियमांत हे मला नीट मांडलेलं सापडलं. एरवी आडवे दांडे ३०५ मिलिमीटरच्या अंतरात चालतात. पण फेरीबोटीच्या आणि सहलीच्या बोटीच्या प्रवासी डेकवर वरच्या दांड्याखालची सगळी जागा भरायची. भरीव भिंत करा, जाळी लावा, नाहीतर दांडे जवळजवळ बसवा, आणि भोक किंवा फट १०० मिलिमीटरहून मोठी नको. वाचलं त्याच आठवड्यात मी शेजारच्या लेथवाल्याकडून नायलॉनचा एक गोळा काढून घेतला, बरोबर १०० मिलिमीटर व्यासाचा. तेव्हापासून माझ्या शेडमधून जाणाऱ्या प्रत्येक रेलिंगवर, बाल्कनी असो की जिना, तो गोळा फिरतो. जिथे तो आरपार जातो तिथे एक दांडा वाढतो. दांड्याचे पैसे पार्टी देत नसेल तर मी घालते.

आता परत त्या गृहस्थांकडे येते. उंचीचं त्यांना टेबलापाशीच पटलं होतं. जाळीवर मात्र अडून बसले. म्हणाले, जाळी लावली की पिंजरा दिसतो. तीन आडवे पाइप किती सुंदर दिसतात. मी म्हटलं, मोठ्यांना ते पाइप दिसतात, मुलांना शिडी दिसते. तीन पाइप म्हणजे तीन पायऱ्या. हजार मिलिमीटरच्या कठड्यावर मूल दोन पाइप चढून उभं राहिलं की त्याच्यासाठी कठडा गुडघ्याएवढा उरतो. मग त्यांनीच मधला मार्ग सुचवला की वर भरीव फायबरची भिंत ओतून घेऊ. तेही चालतं, पण मग आत आलेलं पाणी बाहेर जायला खालच्या कडेला फटी ठेवाव्या लागतात. समुद्रातल्या जहाजांना त्या फटींचं क्षेत्रफळ मोजून द्यावं लागतं, कारण डेकवर साठलेलं एक घनमीटर पाणी म्हणजे एक टन वजन आणि ते कलत्या बाजूकडे धावतं. पावसाळी तळ्यावर तेवढं पाणी येणार नाही, पण वरच्या मजल्यावर भिंतीचं वजन कशाला चढवायचं? शेवटी ५० मिलिमीटर घराची बारीक वेल्डेड जाळी ठरली. लांबून ती जवळपास दिसतच नाही.

मला सर्वांत जास्त काळजी होती ती पोस्ट, म्हणजे रेलिंगचा उभा खांब, डेकला जिथे बसते त्या जागेची. दिसणारं रेलिंग सगळे बघतात, पोस्टच्या तळाच्या बेसप्लेटखाली कुणी वाकून बघत नाही. त्याच अमेरिकी नियमांत वरच्या दांड्याला कुठेही, कोणत्याही दिशेने ९१ किलोचा भार आणि सलग धरला तर मीटरला ७४ किलोचा भार झेपला पाहिजे असं आहे, दोन्ही एकदम नव्हे. पोस्ट दीड मीटरवर बसवल्या तर एका पोस्टच्या वाट्याला सलग भाराचे १११ किलो येतात. ते एक मीटर उंचीवरून ओढणार आणि खाली बोल्टांच्या दोन ओळींतलं अंतर ८० मिलिमीटर. तराजूचा एक दांडा हजार, दुसरा ऐंशी. म्हणजे आतल्या बाजूच्या दोन बोल्टांवर मिळून ढोबळमानाने चौदाशे किलोची ओढ. एवढी ओढ फायबरच्या सहा मिलिमीटर पातळ डेकवर.

बोटीच्या ड्रॉइंगमध्ये ते पोस्ट वरून स्क्रूने कसलेले दाखवले होते.

मी त्यांना डेकचा एक तुकडा आणून द्यायला सांगितलं. चार दिवसांनी त्यांनी खरोखरच पाठवला, दोन फूट बाय दोन फूट. आमचे वेल्डर चाचा, वडिलांच्या काळापासूनचे, त्यांनी तो अँगलच्या फ्रेमवर बांधला, ड्रॉइंगप्रमाणे पोस्ट स्क्रूने कसली आणि वरच्या टोकाला चेन पुली आणि वजनाचा लटकता काटा जोडला. चाळीस किलोपर्यंत काही नाही. पंचावन्नला फायबर कुरकुरायला लागलं. बासष्टला दोन्ही स्क्रू भोकासकट वर आले आणि पोस्ट आडवी झाली. बासष्ट किलो म्हणजे जेमतेम एका माणसाचं वजन. चाचांनी काटा हातात धरून ठेवला होता, तो खाली ठेवायला त्यांना बराच वेळ लागला. मी त्याचा व्हिडिओ पार्टीला पाठवला. खाली एक ओळही लिहिली नाही.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. "बेन, आता कसं करायचं ते सांगा."

आता आरपार बोल्ट, आणि डेकच्या खालून प्रत्येक पोस्टला आठ मिलिमीटरची बॅकिंग प्लेट, बेसप्लेटपेक्षा चारही बाजूंनी मोठी, म्हणजे भार एका भोकावर न येता पसरतो. प्लेट आणि फायबरमध्ये सीलंट, कारण आत पाणी झिरपलं की थर सुटायला लागतात. गोड्या पाण्याची बोट म्हणून पाइप ३०४ ग्रेडचा घेतला. खाऱ्या पाण्यावर असती तर ३१६ शिवाय हात लावला नसता, त्यातल्या मॉलिब्डेनममुळे क्षार त्याला लवकर खात नाहीत. वडोदऱ्यात बसून कुणाला वाटेल स्टील म्हणजे स्टील, पण समुद्राजवळ ३०४ च्या वेल्डवर वर्षभरात तपकिरी ठिपके पडतात ते मी आमच्याच माणसांच्या घरी रेवसला पाहिले आहेत.

हे सगळं त्यांनी मान्य केलं, दरही फार घासला नाही. वाद झाला तो वरच्या डेकवरून, आणि तो रेलिंगचा वाद नव्हताच. मी विचारलं, वर किती माणसं चढणार? ते म्हणाले, तिकीट सगळ्यांना सारखं, ज्याला पाहिजे तो वर जाईल. म्हणजे वेळ आली तर चाळीसच्या चाळीस.

आजी मला लहानपणी 'रामदास' बोटीचं सांगायची. १७ जुलै १९४७, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली. पावसाळी समुद्र, खच्चून भरलेली बोट. मोठी लाट आली, माणसं घाबरून एका बाजूला धावली आणि बोट कलंडली. सहाशेच्या वर माणसं गेली. आजीच्या शेजारच्या घरातले दोघे त्यात होते आणि त्यांच्यातला एकही परत मिळाला नाही. आजी सांगताना नेहमी दोन्ही तळवे एकमेकांवर ठेवायची आणि हळूहळू एका अंगाला झुकवायची. माणसं एका अंगाला गेली म्हणजे काय होतं ते मला पुस्तकातून नंतर समजलं, आजीच्या हातांतून आधीच समजलं होतं.

समुद्री जहाजांच्या स्थैर्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांत याचा हिशेब घालून दिलेला आहे. दर प्रवाशाचं वजन ७५ किलो धरायचं, चौरस मीटरला चार माणसं धरायची, उभ्या माणसाचं वजन डेकच्या एक मीटर वर आहे असं मानायचं, आणि सगळे एका बाजूच्या कठड्याला जमले असं समजून बोट १० अंशांहून जास्त कलत नाही हे सिद्ध करायचं. मी कागदावर मांडून दाखवलं. वीस माणसं वर गेली तर दीड टन. तेही बोटीच्या सर्वांत उंच जागी. मगर दिसली, मोर दिसला, कुणी हाक मारली, की दीड टन एका क्षणात सव्वा मीटर सरकणार. थेक्कडीच्या जलाशयात ३० सप्टेंबर २००९ ला 'जलकन्यका' उलटली, तीही दुमजलीच होती, तीही सहलीचीच, आणि ४५ जण गेले.

मजबूत रेलिंग इथे उलट माणसाला बोलावतं, हे मला या कामात पहिल्यांदा जाणवलं. कठडा डगमगत असेल तर माणूस चार पावलं लांब उभा राहतो. मी बनवते तसा घट्ट असेल तर निर्धास्त टेकतो, दहा जण टेकतात. म्हणून वर किती माणसं जाणार हे ठरल्याशिवाय मी वरचं रेलिंग लावणार नाही असं त्यांना सांगितलं. ज्याने बोट आखली त्याच्याकडून वरच्या डेकची संख्या लेखी आणा. तळी, नद्या, कालवे यांवरच्या यांत्रिक बोटींना २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याखाली नोंदणी आणि सर्वेक्षण करून घ्यावंच लागतं, तेव्हा हा कागद तुम्हाला असाही लागणार आहे. ते चिडले. म्हणाले, रेलिंगवाल्याने रेलिंग करावं.

मी त्यांना हरणीचं विचारलं. ते वडोदऱ्याचेच, त्यांना सांगायची गरज नव्हती. १८ जानेवारी २०२४ ला हरणी-मोटनाथ तलावात शाळेच्या सहलीची बोट बुडाली. १२ मुलं आणि २ शिक्षिका. क्षमतेपेक्षा जास्त बसवले होते, बऱ्याच मुलांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हती. त्याआधी १९९३ साली सूरसागर तलावात बोट उलटून २२ जण गेले होते. तेव्हा मी शिकत होते. तो तलाव शहराच्या मधोमध, न्याय मंदिरापासून हाकेच्या अंतरावर. तीस वर्षांत एकाच शहरात तेच दुसऱ्यांदा झालं. हरणीच्या त्या संध्याकाळी चाचांनी मशीन बंद केलं आणि शेडच्या दारात बसून राहिले, त्यांची नात त्याच वयाची. माझ्या शेडमधलं सर्वांत उत्तम रेलिंग त्या बोटीवर असतं तरी एकही मूल वाचलं नसतं. कठडा माणसाला बोटीत ठेवतो. बोटच पाण्यावर राहिली नाही तर कठड्याला काही करता येत नाही. लहान, उघड्या, बसून जायच्या बोटीला उंच रेलिंग लावणं तर उलट वाईट, वजन वर जातं आणि माणसं उभी राहायला लागतात. तिथे मोजून माणसं, प्रत्येकाच्या अंगावर जॅकेट आणि खाली बसणं, एवढंच.

हे मी त्यांना बोलले तेव्हा माझा आवाज चढला होता. ते काही न बोलता निघून गेले. मला वाटलं काम गेलं.

बारा दिवसांनी ते परत आले. कागद आणला होता. बोट आखणाऱ्याने वरच्या डेकला दहाच माणसं लिहून दिली होती, तीही बसून, खुर्च्या मधोमध आणि डेकला बोल्टने कसलेल्या. जिन्याच्या तोंडाशी फाटक करायचं, आणि खलाशी ते उघडेल-लावेल. फाटकाची कडी मुलाच्या हाताला न येईल अशी बाहेरून, वरच्या बाजूला लावायची, हे त्यांनीच सुचवलं. त्यांना दोन नातवंडं आहेत हे मला तेव्हा कळलं.

परवा त्यांच्यासमोर दुसरी चाचणी घेतली. डेकचा तोच तुकडा, न फुटलेली बाजू, आरपार बोल्ट, खाली प्लेट. चाचा पुली ओढत गेले आणि मी काटा वाचत गेले. ९१ ला वरचं टोक चौदा मिलिमीटर झुकलं. १११ ला आणखी थोडं. पाच मिनिटं तसंच ठेवलं. सोडल्यावर पोस्ट सरळ झाली, बोल्टाभोवती फायबरला केसाएवढीही चीर नाही. त्या गृहस्थांनी स्वतः वाकून प्लेटखाली टॉर्च मारून पाहिलं, मग पोस्ट दोन्ही हातांनी धरून सगळा जोर लावून हलवली.

खालच्या डेकच्या बावीस पोस्ट बफिंग होऊन तयार आहेत. वरच्या सोळांपैकी चार अजून वेल्डिंगला आहेत, आणि फाटकाच्या बिजागऱ्या मी परत पाठवल्या, कारण त्यांत खेळ होता. मंगळवारी टेम्पो निघेल. बसवताना मी स्वतः जाणार आहे. टेप पर्समध्ये आहेच, नायलॉनचा गोळा चाचांनी आत्ताच एका स्वच्छ फडक्यात बांधून टेबलावर ठेवला आहे.